थोरल्या साडूंची मालिश

माणसाच्या शरीराची आबाळ म्हणजे स्वतःचा अपमान, असं समजून चिडणारा माणूस उभ्या मराठवाड्यात एकच आहे, आणि ते नेमके माझे थोरले साडू निघाले. माझी बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत त्यांचं लाकडी घाण्याच्या तेलाचं दुकान आहे. वय सत्तरीच्या पुढे, कपाळावर विभूती, अंगात पांढरा शर्ट आणि त्याच्या दोन्ही बाह्या बारा महिने कोपराच्या वर, कारण कुणाचा आखडलेला खांदा कधी समोर येईल याचा नेम नसतो. इतर कशावर हा माणूस रागावत नाही. दिवसभर वीज गेली तरी रागावत नाही, उंदरांनी करडईचं पोतं फाडलं तरी रागावत नाही. पण बसस्टँडवर कुणी मोबाइलमध्ये मान घालून बसलेला दिसला की दाजींच्या नाकपुड्या फुगतात. ओळख ना पाळख, ते त्याच्यासमोर जाऊन उभे राहतात आणि विचारतात, ही मान अशीच घेऊन म्हातारं व्हायचं ठरवलंय का. त्या माणसाला उत्तर सुचायच्या आत दाजींचे दोन अंगठे त्याच्या मानेच्या मुळाशी पोचलेले असतात. यात ते दोनदा मार खाता खाता वाचले आहेत, आणि दोन्ही वेळा मारायला उठलेला माणूस शेवटी डोळे मिटून ‘जरा डावीकडं’ म्हणत बसला होता, हेही मला सांगितलं पाहिजे.

त्यांच्या हाताचा पहिला प्रसाद मला माझ्या दिवाळसणाला मिळाला. बायकोचं माहेर लातूरजवळच्या मुरुडचं. मी नांदेडला बँकेत नुकताच चिकटलेला, चष्मा लावणारा, जावई म्हणून चार लोकांत जपून वागणारा माणूस. अभ्यंगस्नानाच्या पहाटे सासऱ्यांनी पाट मांडला आणि तेल लावायला दाजी पुढे झाले. मला वाटलं, रीत म्हणून बोटभर लावतील. त्यांनी माझ्या दंडावरून एकदा हात फिरवला आणि सगळ्यांदेखत विचारलं, “साडूभाऊ, हे अंग तुमचं सोताचं हाय का भाड्यानं आणलंय? वापरल्यासारखं दिसत न्हाई.” स्वयंपाकघरातून बायकांचं हसू ऐकू आलं. मग त्यांनी कोमट तिळाचं तेल टाळूवर थापलं आणि अर्धा तास माझा लगदा केला. लांब हाडावर हात सरळ जातो, सांध्यावर गोल फिरतो, पोटावर घड्याळाच्या काट्यासारखा, हातापायाला चोळायचं ते नेहमी काळजाच्या दिशेनं, असा सगळा पाठ चालू होता आणि मी दात आवळून बसलो होतो. मनातल्या मनात मी ठरवलं की या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही. अंघोळ करून जरा आडवा झालो तो फराळ संपल्यावर उठलो. इतकी गाढ झोप मला लग्नाआधीपासून लागली नव्हती. पण हे मी कबूल केलं नाही, आणि दाजींनी विचारलंही नाही. ते तोवर धाकट्या मेहुण्याच्या टाचांवर संतापले होते.

मुलगी झाली तेव्हा तर कहर झाला. बाळाला तेल लावायला आम्ही एक बाई ठरवली होती. ती बाळाला पाय धरून उलटं टांगायची आणि नाक सरळ व्हावं म्हणून चिमटीत दाबायची, आणि आम्ही सगळे ते कौतुकानं बघायचो. दाजी बारशाला आले, त्यांनी हे पाहिलं, आणि बारशाच्या घरात त्या बाईचा आणि त्यांचा असा काही वाद झाला की पाहुणे जिलेबी हातात धरून ऐकत राहिले. ते कोवळं हाड आहे, कणीक नव्हे, हे त्यांचं म्हणणं. बाई रागारागानं निघून गेली. मग दाजींनी माझ्या आईला धडा दिला. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषमाणसानं जायचं नाही, म्हणून ते दाराबाहेर पाठ करून उभे राहिले आणि तिथून भिंतीकडे बघत सूचना देऊ लागले. तेल तळहातावर गरम करा, बाळाच्या डोळ्यात बघत राहा, आणि रडलं की हात थांबवा, कारण तिला नको असेल तर तिला नको म्हणायचा हक्क आहे. पंधरा दिवसांच्या मुलीचा हक्क त्या दिवशी आमच्या घरात पहिल्यांदा कुणी बोलून दाखवला. मुलगी रात्रभर शांत झोपायला लागली, आणि श्रेय माझ्या आईनं घेतलं.

दाजींचा राग दोन बाजूंना सारखा वाटलेला आहे. जे अंगाला तेल लावत नाहीत त्यांच्यावर अर्धा, आणि जे तेल लावून भलत्या गोष्टी सांगतात त्यांच्यावर उरलेला. एकदा ते नांदेडला आमच्याकडे असताना वजिराबादच्या एका सलूनमध्ये दाढीला गेले. शेजारच्या खुर्चीत गिऱ्हाइकाची चंपी झाली आणि शेवटी त्या कारागिरानं हनुवटी धरून मान एका झटक्यात कडकन मोडली. दाजी अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून उठले. चंपी करा, टाळू दाबा, कानशिलं चोळा, डोकं हलकं होतं, पण मानेचा असा कडाका काढाल तर एखाद्या दिवशी माणूस खुर्चीतच आडवा होईल, हे त्यांनी बाकावर बसलेल्या सगळ्यांना ऐकवलं. कारागीर म्हणाला की गिऱ्हाईकच मागतं. दाजी म्हणाले, गिऱ्हाईक इख मागंल, देशील का. ते एका गालानं घरी आले आणि उरलेली दाढी माझ्या आरशात केली.

तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीनं घासायचं त्यांना फार आवडतं. डोळ्यांची आग कमी होते, झोप येते, असं ते म्हणतात. पण वाटी काळी पडली की लोक म्हणतात, बघा, अंगातलं विष निघालं. हे ऐकलं की दाजी वाटी खाली ठेवतात. त्यांनी एकदा आमच्या कॉलनीतल्या एका गृहस्थांना काशाची वाटी तूप लावून नुसत्या पाटावर घासायला लावली. पाटही काळा झाला. मग त्यांनी विचारलं, आता पाटाला काय रोग हाय ते सांगा. तळवे चोळल्यानं साखर जाते, असा संदेश त्यांच्या मोबाइलवर कुणी पाठवला तर ते पाठवणाऱ्याला उलट फोन करतात आणि गोळी घेतली का, हे आधी विचारतात. मालिशीनं रक्त फिरतं, स्नायू सैल पडतात, मन निवतं, झोप लागते. एवढं पुरे नाही का माणसाला, असं ते चिडून विचारतात. तेलाचा दुकानदार असून तेलाचे इतके कमी गुण सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या जावयानं त्यांना हौसेनं लातूरच्या एका नव्या, वातानुकूलित मसाज सेंटरमध्ये पाठवलं. सोबत मी होतो. तिथल्या तक्त्यावर स्वीडिश, थाई, गरम दगडांची, सुगंधी तेलांची, अशा कितीतरी मालिशी लिहिल्या होत्या. दाजींनी प्रत्येकीची चौकशी केली आणि हे सगळं लांब हात, दाब, ताण आणि शेक एवढंच आहे, आपली आजी पोटलीनं करायची तेच आहे, असा निकाल देऊन ते टेबलावर पालथे पडले. मालिश करणारा केरळचा, पन्नाशीतला, अबोल माणूस होता. मी पडद्यापलीकडे कोमट पाण्यात पाय बुडवून बसलो होतो. दहाएक मिनिटांनी पलीकडचा चोळण्याचा आवाज थांबला आणि दाजींचा चढलेला आवाज ऐकू आला. मी पडदा सारून पाहिलं तर तो केरळचा माणूस टेबलावर पालथा होता आणि कमरेला टॉवेल गुंडाळलेले दाजी त्याचा उजवा हात मांडीवर घेऊन अंगठ्याचं मूळ चोळत होते. त्याचा अंगठा सुजला होता, हे त्याच्या दाबावरूनच दाजींच्या पाठीला कळलं होतं. दिवसाला आठ-आठ माणसं चोळून त्याच्या हाताची वाट लागली होती. मालिश करणाऱ्याला मालिश कोण करतं, हे विचारायला दाजी तसेच टॉवेलावर मालकाच्या टेबलापाशी गेले. मी लाजेनं बाहेर जाऊन उभा राहिलो. आतून बराच वेळ आवाज येत होता.

या सगळ्याचा मला मनापासून संताप यायचा. मी सत्तावीस वर्षं त्यांना जमेल तितकं टाळत आलो. लग्नकार्यात ते ज्या पंगतीला, मी तिच्या पुढच्या पंगतीला. माझी पाठ दुखायची, मानेत चमक भरायची, पण दाजींना कळू द्यायचं नाही, असा घरात कायदाच होता.

तो कायदा मीच मोडला. दोन वर्षांपूर्वी तरोडा नाक्याजवळ माझी स्कूटर घसरली आणि उजव्या पायाचा घोटा मोडला. सहा आठवडे प्लास्टर. ते निघाल्यावर चार-पाच दिवसांत पोटरी सुजली, तट्ट झाली, आतून ठसठसायला लागली. मला वाटलं, इतके दिवस पाय बांधून ठेवल्यावर आखडणारच. डॉक्टरांकडे जायची तारीख अजून चार दिवस लांब होती. शेवटी मीच लातूरला फोन केला आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा आपण होऊन म्हणालो, दाजी, जरा येऊन पाय चोळून द्याल का. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ते आले, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेल्या तीन बाटल्या घेऊन.

बायकोनं तेल गरम केलं. दाजी माझ्या पायाशी बसले. त्यांनी दोन्ही पोटऱ्यांवर हाताचा उलटा पंजा ठेवला, आधी डाव्या, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. खांद्यावरचा पंचा काढून दोन्ही पोटऱ्यांना वेढा घालून पाहिला. उजवी दोन-तीन बोटं जास्त भरली. त्यांनी तेलाच्या वाटीवर ताटली झाकली आणि म्हणाले, आज मालिश नाही.

मला आधी थट्टा वाटली. मग माझा तोल गेला. इतकी वर्षं साठवलेलं सगळं मी बोललो. नको असताना तुम्ही माझी हाडं मोडलीत, चारचौघांत माझ्या अंगाची लक्तरं काढलीत, रस्त्यावरच्या परक्या माणसाच्या मानेला हात घालता, आणि आज मी स्वतः मागतोय तर तुम्हाला मोठेपणा सुचतोय. बायको मला गप्प करत होती, मी गप्प होत नव्हतो. दाजी सगळं ऐकून घेत होते. उलट चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, “ह्या पायाला म्या हात लावणार न्हाई साडूभाऊ, आन दुसऱ्या कुणालाबी लावू देणार न्हाई. उठू नका. मी रिक्षा आणतो.”

रिक्षात त्यांनी माझा पाय स्वतःच्या मांडीवर धरला आणि प्रत्येक गतिरोधकाला चालकाच्या खांद्यावर हात ठेवून वेग कमी करायला लावला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पायाची सोनोग्राफी केली. पायाच्या आतल्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती. लगेच इंजेक्शन सुरू झालं. त्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो हा, की हा पाय कुणी चोळला तर नाही ना. चोळला असता तर गाठीचा तुकडा सुटून थेट फुप्फुसात जाऊ शकला असता, आणि मग आमच्या हातात काही राहिलं नसतं, असं त्या म्हणाल्या. कुणीच नाही चोळला, असं बायकोनं दोनदा सांगितलं. दाजी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

दुपारी बायको माझे कपडे आणायला घरी गेली आणि खोलीत आम्ही दोघंच उरलो. मी माफी मागायला लागलो, तर त्यांनी हातानंच थांबवलं. मग खिडकीकडे बघत त्यांनी सांगितलं ते असं. उदगीरला त्यांचे थोरले भाऊ होते, त्यांना ते अण्णा म्हणत. अण्णा आडतीत कामाला. एकदा पोत्यांच्या थप्पीवरून पडले, पाय मोडला. वैदूनं पट्ट्या बांधल्या आणि महिनाभर ते अंथरुणावर पडून होते. मग पोटरी सुजली. दाजी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे, तालमीत उस्तादाकडून मालिश शिकलेले, आपल्या हाताचा फार गर्व असलेले. त्यांनी संध्याकाळी तासभर, सगळा जोर लावून, गरम तेलानं तो पाय चोळला. सकाळी अण्णा उठून बसले, श्वास घेता येईना म्हणाले, आणि गेले. सगळे म्हणाले, हार्ट. दाजीही तेच धरून चालले होते. पुढं दहा-बारा वर्षांनी दुकानात तेल घ्यायला आलेल्या एका डॉक्टरांनी बोलता बोलता अशाच एका पेशंटची गोष्ट सांगितली. त्या वेळी दाजींच्या हातात तेलाचं माप होतं. ते भरून वाहायला लागलं, तरी त्यांना समजलं नाही.

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. आक्काला, म्हणजे त्यांच्या बायकोलाही नाही. उदगीरच्या वैनींना ते दर महिन्याला तेलाचा डबा नेऊन द्यायचे आणि चहा न पिता परत फिरायचे.

मी म्हणालो, तुम्हाला तेव्हा काय माहीत होतं, त्या काळी कुणाला माहीत होतं. तेव्हा ते माझ्यावर खरे चिडले. इतक्या वर्षांत मी त्यांचे शेकडो राग पाहिले होते, हा वेगळा होता. “हात माझा होता ना,” ते म्हणाले. “दुसऱ्याचा होता का?”

मी बरा झालो. एक-दोन दिवसांनी दाजी फोन करून गोळी घेतली का विचारायचे. एकदा त्याच फोनवर मी म्हणालो, वैनींना सांगून टाका, मी येतो सोबत. त्यानंतर त्यांचा फोन बंद झाला. मी केला तर आक्का उचलायची आणि ते दुकानात आहेत म्हणायची. दोन महिने असे गेले. मलाही राग आला. ज्या माणसाला जगातल्या प्रत्येकाच्या दुखण्यात हात घालायचा असतो, त्यानं आपल्या दुखण्याला कुणाला शिवू देऊ नये, हा कुठला न्याय. मग एका सकाळी त्यांचाच फोन आला. म्हणाले, उद्या उदगीरला चाललो, यायचं तर या. आणि ठेवून दिला.

वैनी ऐंशीच्या घरात, वाळलेल्या, पण ताठ बसणाऱ्या. ओसरीवर सुपात तूर निवडत होत्या. त्यांना ऐकायला कमी येतं, हे डबा ठेवून लगेच फिरणाऱ्या दाजींच्या लक्षातच आलं नव्हतं. जी गोष्ट त्यांनी सगळा जन्म ओठाबाहेर काढली नव्हती, ती त्यांना मोठ्यानं, दोनदा सांगावी लागली. दुसऱ्यांदा सांगताना त्यांचा आवाज फाटला. शेजारच्या ओसरीवरची बाई धुणं पिळायची थांबली. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

वैनींनी सूप बाजूला ठेवलं. मग त्या चिडल्या. इतक्या वर्षांत एकदा सांगता आलं नाही का, मी परकी आहे का, म्हणून तुम्ही माझ्या घरचा चहा पीत नव्हता का, मला वाटायचं विधवेच्या दारात थांबायला तुम्हाला नको वाटतं, मी त्याचा राग धरून बसले, असं बरंच त्या बोलत गेल्या. दाजी खाली मान घालून ऐकत होते. शेवटी वैनींचा आवाज उतरला.

“भावजी, चार दिवस त्यांच्या डोळ्याला डोळा न्हवता. वरडायचे नुसते. तुम्ही चोळलं आन ते झोपले. घोरलेबी. मी उंबऱ्यात बसून ऐकत हुते. मला तर तेवढंच ध्यानात हाय.”

दाजींनी पंचा तोंडाला लावला. मी अंगणातल्या लिंबाकडे बघत बसलो. वैनी उठून चहा टाकायला आत गेल्या आणि आतूनच विचारलं, साखर चालते का.

आम्ही जेवून निघालो. लातूरच्या एसटीत दाजी खिडकीशी बसले होते. गाडी उदगीर सोडून शिवारात आली आणि ते एकदम अण्णांबद्दल बोलायला लागले. अण्णा विहिरीत उडी मारायच्या आधी पाण्याला हात जोडायचे. अण्णा शिंकले की गल्लीतली कुत्री उठून उभी राहायची. त्यांना जात्यावरची गाणी बायकांपेक्षा जास्त यायची, आणि पोहायला शिकवताना ते धाकट्या भावाच्या पोटाखाली एक हात धरून ठेवायचे, आणि तो काढून घेतला हे कधी कळू द्यायचे नाहीत. अर्धा जन्म मी ज्यांच्या बोलण्यापासून पळत आलो, ते दाजी बोलत होते. एसटी प्रत्येक फाट्याला थांबत होती, माणसं चढत होती, उतरत होती, आणि मला लातूर यायची काही घाई नव्हती.